ईमॅक्सच्या शेलमधील रंगखुणांची गिचमिड: जे टर्मिनल नाही त्याला टर्मिनल म्हणू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. ईमॅक्स या एडिटरमध्ये एम-एक्स (म्हणजे ऑल्ट व एक्स या कळा) शेल ही आज्ञा देऊन बॅश हा आज्ञा चालवणारा शेल उघडला की फाइलींची यादी देणाऱ्या एलएसच्या आउटपुटात प्रत्येक फोल्डरच्या नावाआधी ^[[०१;३४एम आणि नावानंतर ^[[०एम अशी चिन्हे उमटतात, रंग मात्र दिसत नाहीत. बॅश सुरू होताना वाचतो त्या बॅशआरसी फाइलमध्ये एलएसचे उपनाव, म्हणजे अलियस, ‘--कलर=ऑलवेज’ असे दिलेले आहे. कोणाच्या तरी सल्ल्यावरून प्रश्नकर्त्यांनी त्याच फाइलमध्ये टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या टर्म या व्हेरिएबलला ‘एक्सटर्म-२५६कलर’ ही किंमत दिली. त्यानंतर जुना त्रास गेला नाहीच, उलट प्रत्येक प्रॉम्प्टच्या (आज्ञा टंकण्याच्या जागेच्या खुणेच्या) आधी ^[]०; आणि त्यापुढे संगणकाचे नाव असे नवे शेपूट लागले. एम-एक्स कंपाइलच्या खिडकीतही जीसीसी या कंपायलरचे इशारे असेच विद्रूप दिसतात. नेहमीच्या टर्मिनलमध्ये मात्र यातले काहीच होत नाही.

आधी एक खुलासा करतो. पुढे येणारी आज्ञांची व व्हेरिएबलांची नावे मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; एडिटरमध्ये ती रोमन लिपीत, आडव्या रेघा जिथल्या तिथे ठेवून टंकावी लागतील.

माझे उत्तर असे की टर्मची ती ओळ आजच काढून टाका. वीसेक वर्षे ईमॅक्समध्येच काम केल्यानंतर आणि इतरांची अशी दुखणी पुष्कळ वेळा पाहिल्यानंतर मला खात्रीने सांगता येते, की या गिचमिडीच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: कोणीतरी एखाद्या प्रोग्रामला खोटे सांगितलेले असते की समोर पूर्ण क्षमतेचे टर्मिनल आहे. तुमच्या बाबतीत हे खोटे तीन ठिकाणी बोलले गेले आहे, ‘ऑलवेज’ या शब्दात, टर्मच्या किमतीत आणि मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रकल्प कसा कंपाइल करायचा ते सांगणाऱ्या फाइलीत. शिवाय ईमॅक्सकडचा जो भाग या खुणा वाचून रंग देतो, तोही तुमच्याकडे बंद पडलेला दिसतो. हे चारही धागे वेगळे सोडवावे लागतील, आणि त्यासाठी खुणा कुठून येतात व कुठे वाचल्या जातात हे आधी स्पष्ट व्हायला हवे.

रंग ही अक्षरांच्या प्रवाहातच पेरलेली सूचना असते. २७ क्रमांकाचे एस्केप अक्षर, त्यापुढे उघडा चौकोनी कंस, मग अर्धविरामाने वेगळे केलेले आकडे आणि शेवटी रोमन लिपीतले लहान एम, अशी तिची रचना असते. ३० ते ३७ हे अक्षरांचे आठ मूळ रंग, ४० ते ४७ हे पार्श्वभूमीचे, ९० ते ९७ हे उजळ रंग, १ म्हणजे ठळक, ४ म्हणजे अधोरेखित, ७ म्हणजे उलटापालट आणि ० म्हणजे सगळे पूर्ववत. तुमच्या यादीतल्या ०१;३४ चा अर्थ ‘ठळक निळा’ एवढाच आहे. ही पद्धत एक्मा-४८ या मानकात १९७६ साली आणि अमेरिकेच्या अ‍ॅन्सी संस्थेच्या एक्स३.६४ या मानकात १९७९ साली नोंदली गेली. म्हणूनच आजही आपण त्यांना अ‍ॅन्सी रंगखुणा म्हणतो. १९७८ साली डेक कंपनीचे व्हीटी१०० हे टर्मिनल आले आणि तिथून या एस्केप खुणा सर्वत्र रुजल्या. त्या यंत्राला स्वतःला रंग नव्हता, पण अक्षर ठळक करणे, कर्सर हलवणे, पडदा पुसणे ही कामे त्यावर याच पद्धतीने होत असत.

या सूचना पाळणे हे टर्मिनलचे काम आहे, आणि एम-एक्स शेल हे टर्मिनल नाही. तो एक साधा बफर, म्हणजे ईमॅक्स मजकूर ठेवते ती जागा, आहे. एका बाजूला बॅशची प्रक्रिया चालते, तिचे आउटपुट ईमॅक्स घेते आणि बफरच्या शेवटी मजकूर म्हणून चिकटवते. हे काम कॉमिंट नावाचा भाग करतो. याच रचनेमुळे त्या आउटपुटमध्ये शोध घेता येतो, कुठलाही भाग कापून दुसरीकडे नेता येतो, जुनी आज्ञा कर्सर वर नेऊन पुन्हा चालवता येते. ज्यांना ही सोय आवडते ते टर्मिनलकडे परत जात नाहीत, मीही गेलो नाही. पण टर्मिनलला पडद्याच्या कुठल्या ओळीत व कुठल्या रकान्यात आपण आहोत हे ठाऊक असते, तसे या बफरला नसते. म्हणून कॉमिंट प्रक्रिया सुरू करतानाच टर्मला ‘डम्ब’ ही किंमत देतो. हा ईमॅक्सचा दोष समजून लोक तो दुरुस्त करायला जातात. प्रत्यक्षात ते प्रामाणिक निवेदन आहे: ‘माझ्याकडे कर्सर हलवू नका, पडदा पुसू नका, साध्या ओळी पाठवा.’

घोटाळ्याला जागा राहते ती दुसऱ्याच कारणाने. ईमॅक्स बॅशशी पाइपने नव्हे तर स्यूडो-टर्मिनलने, म्हणजे टर्मिनल असल्यासारख्या वागणाऱ्या दुव्याने, जोडलेले असते, त्यामुळे ‘माझे आउटपुट टर्मिनलवर जाते आहे का’ असे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमला विचारले तर उत्तर होकारार्थी येते. चांगले प्रोग्राम त्यापुढे टर्मही पाहतात. गिट या फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या रंगाची किंमत ‘ऑटो’ असेल तर ते दोन्ही अटी तपासते आणि डम्ब दिसल्यास रंग देत नाही. जीसीसीही तसेच करते. एलएस मात्र आधी एलएस_कलर्स हे व्हेरिएबल पाहते, आणि ते भरलेले असेल तर टर्म डम्ब असूनही रंग देते. ‘ऑलवेज’ म्हटल्यावर तर सगळ्या चौकशाच बंद होतात. त्या शब्दाचा अर्थच ‘समोर कोण आहे ते पाहू नकोस’ असा आहे.

आता निदान. दिसणारी गिचमिड एकाच जातीची नसते, आणि जात न ओळखता उपाय केला तर वेळ फुकट जातो. कर्सर त्या टोपीच्या चिन्हावर न्या आणि कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबरचे चिन्ह असा क्रम दाबा. ईमॅक्सने ते अक्षर दशमान २७, अष्टमान ३३ असे सांगितले, तर तिथे खरे एस्केप अक्षर आहे. टोपी आणि पहिला कंस ही त्या एकाच अक्षराची दोन चिन्हांत दाखवलेली ओळख आहे, आणि कर्सर पुढे सरकवला तर तो दोन्हींवरून एकदम उडी मारतो. याचा अर्थ खूण धडधाकट पोहोचली आहे, फक्त ती वाचणारा कोणी नाही. टोपी आणि कंस ही दोन वेगळी अक्षरे निघाली तर कोणीतरी पडद्यावरचे चित्र मजकूर म्हणून नकलले आहे. सुरुवातीला टोपीच नसेल, नुसते [०१;३४एम दिसत असेल, तर वाटेत कोणीतरी एस्केप अक्षर गाळले आहे; नोंदी साठवणाऱ्या यंत्रणा असे नेहमी करतात. आणि उलटी तिरकी रेघ व ०३३ असे शब्दशः दिसत असेल, तर एस्केप अक्षर कधी जन्मलेच नाही: मजकूर छापणारा बॅशचा एको त्या रेघेचा अर्थ आपणहून लावत नाही, डॅश या दुसऱ्या शेलचा लावतो, त्यामुळे एकीकडे चाललेली स्क्रिप्ट दुसरीकडे अशी फसते. तिथे एकोऐवजी प्रिंटएफ वापरणे हाच सरळ उपाय आहे, ईमॅक्सला हात लावण्याचे कारण नाही.

तुमच्या वर्णनावरून तुमची जात पहिली आहे. खरे एस्केप अक्षर बफरपर्यंत आले आहे आणि तिथे ते कोणी वाचलेले नाही. हे विशेष आहे, कारण ईमॅक्सच्या २३.२ आवृत्तीपासून शेलमध्ये रंगखुणा वाचण्याची सोय मुळातच चालू असते. कॉमिंटकडे आलेला प्रत्येक तुकडा बफरमध्ये उतरल्यावर काही फंक्शनांच्या हाताखालून जातो. त्यांची यादी कॉमिंट-आउटपुट-फिल्टर-फंक्शन्स या व्हेरिएबलमध्ये असते, आणि तिच्यात अ‍ॅन्सी-कलर-प्रोसेस-आउटपुट हे नाव असायला हवे. तेच खुणा वाचते, मजकुराला रंग चढवते आणि खुणा पुसून टाकते. शेलच्या बफरमध्येच उभे राहून कंट्रोल-एच व्ही दाबा आणि ही यादी पाहा. दुसऱ्या बफरमधून पाहू नका, कारण अशा यादीला प्रत्येक बफरची स्वतःची वेगळी किंमत असू शकते. सोबत अ‍ॅन्सी-कलर-फॉर-कॉमिंट-मोड हेही पाहा: किंमत टी असेल तर रंग दिसतात, फिल्टर असेल तर खुणा नुसत्या गाळल्या जातात, आणि निल असेल तर कोणी काही करत नाही व कच्च्या खुणा तुमच्यासमोर येतात.

माझा अंदाज आहे की यादीतून ते नाव गायब असेल. याचे एक कारण मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता आधी तेच तपासतो. एक्सटर्म-कलर नावाचे एक बाहेरचे पॅकेज आहे. २५६ रंग हवेत म्हणून लोक ते घेतात, आणि त्याच्या सूचनांमध्ये दोन पायऱ्या असतात: कॉमिंटच्या यादीतून अ‍ॅन्सी-कलरचे फंक्शन काढा, आणि त्याजागी पॅकेजचे फंक्शन प्री-आउटपुटच्या यादीत घाला. पुढे संगणक बदलतो, ईमॅक्स सुरू होताना वाचते ती इनिट फाइल तशीच नेली जाते, पॅकेज बसवायचे राहते किंवा ती दुसरी ओळ कधीतरी खोडली जाते. काढण्याची ओळ मात्र राहते. मग खुणा वाचणारा कोणी उरत नाही. दुसरे कारण म्हणजे यादीत एखादे फंक्शन जोडण्यासाठी अ‍ॅड-हूक न वापरता सेट-क्यूने सगळी यादीच नव्याने लिहिणे. त्यात जुनी नावे मुकाट्याने पुसली जातात. खात्री करायची असेल तर ईमॅक्स ‘-क्यू’ या पर्यायाने सुरू करा, म्हणजे तुमची इनिट फाइल वाचली जाणार नाही, आणि तिथे एम-एक्स शेल उघडा. तिथे फोल्डर निळे दिसले तर दोष इनिट फाइलीत आहे हे सिद्ध झाले. ती ओळ शोधून काढा. ईमॅक्स नव्याने सुरू केले की रंग परत येतील.

इनिट फाइलीत अ‍ॅन्सी-कलर-फॉर-कॉमिंट-मोड-ऑन हे शेल-मोड-हूकला, म्हणजे शेल उघडताना चालणाऱ्या फंक्शनांच्या यादीला, जोडण्याची ओळ अनेकांकडे असते. ती २३.२ च्या आधीच्या काळातली आहे. तिने आज अपाय होत नाही, पण गरजही नाही. २५६ रंगांसाठी बाहेरचे पॅकेज घेण्याची निकडही आता कमी झाली आहे, कारण २९ व्या आवृत्तीपासून अ‍ॅन्सी-कलर स्वतःच २५६ रंगांच्या आणि २४ बिटांच्या रंगखुणा वाचते. निळा रंग काळ्या पार्श्वभूमीवर वाचता येत नसेल, तर २८ व्या आवृत्तीपासून प्रत्येक रंगाचा वेगळा फेस, म्हणजे अक्षरांच्या रूपाची नोंद, आहे. अ‍ॅन्सी-कलर-ब्लू हा फेस कस्टमाइझ करून तो उजळ करा.

आता टर्मविषयी. तुम्ही एक्सटर्म लिहिल्याबरोबर प्रॉम्प्टला शेपूट का लागले, हे समजून घेतलेत तर पुन्हा तो मोह होणार नाही. डेबियन आणि उबुंटूच्या मूळ बॅशआरसीत एक तपासणी असते: टर्मची किंमत एक्सटर्मने सुरू होत असेल तर प्रॉम्प्टमध्ये खिडकीचे शीर्षक बदलणारी खूणही घाल. ही खूण रंगखुणेच्या कुळातली नाही. तिच्या सुरुवातीला एस्केपनंतर उघडा नव्हे तर बंद चौकोनी कंस असतो, मग ०;, मग शीर्षकाचा मजकूर आणि शेवटी घंटेचे अक्षर, जे बफरमध्ये ^जी असे दिसते. अ‍ॅन्सी-कलर उघड्या कंसाच्या कुळातल्या खुणा ओळखते. त्यातल्या रंगाच्या खुणांचे रंग करते आणि कर्सर हलवण्यासारख्या बाकीच्या गाळून टाकते. बंद कंसाच्या खुणांना ते हात लावत नाही, म्हणून त्या जशाच्या तशा उरतात. ईमॅक्स असा मजकूर वाचू शकते, त्यासाठी कॉमिंट-ओएससी-प्रोसेस-आउटपुट हे फंक्शन २८ व्या आवृत्तीपासून आहे आणि ते यादीत आपण जोडायचे असते. पण केवळ खोट्या टर्ममुळे आलेले शेपूट झाकण्यासाठी ते जोडणे मला पटत नाही. टर्म खरी ठेवली की बॅशआरसी ती खूण पाठवतच नाही.

कर्सर हलवण्याच्या खुणा गाळल्या जातात हे वाचून ‘मग बिघडले कुठे’ असे वाटेल. बिघडते ते असे की एक्सटर्म समजून प्रोग्राम तीन ओळी वर जाऊन पुसतो आणि नव्याने लिहितो. गाळणीतून पुसणे गळून पडते आणि लिहिणे उरते, म्हणून प्रगती दाखवणारी एक ओळ बफरमध्ये दोनशे वेळा उमटते. खुणा दिसत नाहीत, पण मजकूर खोटा झालेला असतो. मला हा प्रकार दिसणाऱ्या खुणांपेक्षा अधिक घातक वाटतो, कारण तो पाहणाऱ्याला प्रोग्रामच चुकतोय असे वाटू लागते.

रंग हवेत, पण गिट डम्ब पाहून देत नाही, अशी तक्रार उरते आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर एक्सटर्म हे नाही. अलीकडच्या ईमॅक्ससोबत डम्ब-ईमॅक्स-अ‍ॅन्सी नावाची टर्मिनलची नोंद येते. तिच्यात रंग येतात आणि कर्सर हलवता येत नाही असे नेमके खरे वर्णन आहे. कॉमिंट-टर्मइन्फो-टर्मिनल या व्हेरिएबलला ते नाव द्या. नाव हुबेहूब डम्ब नसल्यामुळे गिट रंग देऊ लागते, आणि खिडकीच्या शीर्षकाची तपासणी मात्र सपशेल नाही म्हणते. मी स्वतः हाच मार्ग वापरतो. एक अडचण लक्षात ठेवा: हे नाव दूरच्या सर्व्हरला ठाऊक नसते, आणि त्या सर्व्हरशी जोडणारी एसएसएच ही आज्ञा टर्मची किंमत आपणहून पलीकडे नेते. तिथे टर्मिनल अनोळखी असल्याची तक्रार येऊ लागली, तर त्या एसएसएच आज्ञेपुरते टर्म पुन्हा डम्ब करा.

बॅशआरसीमध्ये एलएसचे उपनाव ‘ऑलवेज’वरून ‘ऑटो’ करा. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपचेही असेल तर तेही. ग्रेपची खूण ओळखायला सोपी असते, तिच्या प्रत्येक रंगामागे ^[[के असे एक जास्तीचे शेपूट असते. तिथे ‘ऑलवेज’ असेल तर केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही. एका ठिकाणी काम करत असताना ग्रेपने शोधलेल्या फाइलींची नावे पाइपने पुढच्या आज्ञेला द्यायची स्क्रिप्ट होती आणि ती ‘अशी फाइल नाही’ असे सांगत राहिली. नावे पडद्यावर अगदी बरोबर दिसत होती, कारण टर्मिनल खुणा रंगवून दाखवत होते. फाइलनावातच रंग मिसळला आहे हे कळायला मला दोन दिवस लागले. तेव्हापासून ‘ऑलवेज’ हा शब्द मी कुठल्याही कायमच्या फाइलीत लिहीत नाही, लागलाच तर एका आज्ञेपुरता हाताने टंकतो.

ईमॅक्सपुरते काही वेगळे ठेवायचे असेल तर टर्मवरून नव्हे, इनसाइड_ईमॅक्स या व्हेरिएबलवरून ठरवा. शेलच्या बफरमध्ये त्यात आवृत्ती आणि स्वल्पविरामापुढे कॉमिंट असे लिहिलेले असते. पेजरची, म्हणजे लांब आउटपुट पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्रामची, सोय मी तिथेच करतो. गिट लॉग दिल्यावर टर्मिनल पूर्ण कार्यक्षम नसल्याचा इशारा येतो आणि रिटर्न दाबा असे सांगितले जाते, तो इशारा लेस या पेजरचा असतो. बफर स्वतःच वरखाली सरकवता येत असताना पेजरचे कामच नाही, म्हणून ईमॅक्सच्या आत पेजर या व्हेरिएबलला कॅट, म्हणजे मजकूर नुसता छापणारी आज्ञा, ही किंमत द्या. टर्मिनलमध्येही गिटच्या आउटपुटात उलट्या रंगात ‘ईएससी’ ही तीन अक्षरे आणि पुढे [३३एम दिसत असेल, तर ते लेसनेच खूण शब्दशः दाखवल्यामुळे. लेस हे व्हेरिएबल तुम्ही स्वतः कुठेतरी ठरवलेले असते, मग गिट आपले पर्याय देत नाही, आणि तुमच्या पर्यायांत मोठा आर नसतो. तो घाला.

आता कंपाइलची खिडकी, जिचे दुखणे स्वतंत्र आहे. ती कॉमिंटवर चालत नाही. त्यामुळे वरची सगळी दुरुस्ती करूनही तिथे काहीच बदलणार नाही, आणि इथे बरेच जण हताश होऊन टर्मकडे वळतात. तिथे ईमॅक्स टर्म डम्बच ठेवते आणि तुमचा बॅशआरसी तिथे वाचलाही जात नाही, म्हणजे जीसीसी स्वतःहून रंग देणार नाही. तरीही खुणा येतात याचा अर्थ प्रकल्पाच्या मेकफाइलमध्ये ‘-एफडायग्नॉस्टिक्स-कलर=ऑलवेज’ किंवा तत्सम पर्याय लिहिलेला आहे. तो काढता आला तर काढा. प्रकल्प सामायिक असेल आणि काढता येत नसेल, तर २८ व्या आवृत्तीपासून तयार असलेले अ‍ॅन्सी-कलर-कंपाइलेशन-फिल्टर हे फंक्शन अ‍ॅड-हूकने कंपाइलेशन-फिल्टर-हूकला जोडा. त्याने रंग तर येतातच, शिवाय चुकीच्या ओळीवर उडी मारण्याची सोयही पूर्ववत चालते. फाइलनावाला खुणा चिकटल्या की ईमॅक्सला ते नाव ओळखता येत नाही, आणि माझ्या मते रंग जाण्यापेक्षा ते नुकसान मोठे आहे.

जुन्या आवृत्तीवर असाल तर हूकमध्ये स्वतःचे छोटे फंक्शन लिहा: इनहिबिट-रीड-ओन्ली टी करून कंपाइलेशन-फिल्टर-स्टार्टपासून पॉइंटपर्यंतच्या भागावर अ‍ॅन्सी-कलर-अप्लाय-ऑन-रीजन चालवा. रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे मजकुराचा नमुना शोधणाऱ्या सूत्राने, खुणा खोडणारी घरगुती फंक्शने अनेक जण बाळगतात, ती टाळा. प्रक्रियेचे आउटपुट तुकड्यातुकड्यांनी येते, एका वाचनात किती बाइट घ्यायचे याची मूळ मर्यादा अनेक आवृत्त्यांत ४०९६ होती, आणि तुकडा खुणेच्या मधोमधही तुटू शकतो. अर्धी खूण या तुकड्यात, अर्धी पुढच्या तुकड्यात, असे झाले की तुमच्या एक्स्प्रेशनला दोन्हीकडे काही सापडत नाही, आणि हजारो ओळींत एखाद्याच ठिकाणी ‘४एम’ असा अवशेष राहतो. अ‍ॅन्सी-कलर अपुरी राहिलेली खूण लक्षात ठेवते आणि पुढचा तुकडा आला की जोडून वाचते. क्वचित, पुन्हा घडवून दाखवता न येणारी अशी गिचमिड दिसत असेल तर आधी हेच कारण पाहा.

हेच फंक्शन साठवलेल्या लॉग फाइलीवरही चालते. ते एम-एक्सने मिळत नाही. एम-कोलन दाबून कंसात फंक्शनचे नाव, पॉइंट-मिन आणि पॉइंट-मॅक्स असे द्यावे लागते. सावधगिरी एवढीच की त्याने खुणा बफरमधून खरोखर पुसल्या जातात. ती फाइल सवयीने सेव्ह केलीत तर मूळ खुणा गेल्या, आणि रंग फाइलीत साठत नाहीत, म्हणजे तेही गेले. लॉग पुरावा म्हणून जपायचा असेल तर आधी प्रत काढून तिच्यावर चालवा.

दूरच्या सर्व्हरवरच्या फाइली ईमॅक्सच्या ट्रॅम्प या भागाने उघडताना ईमॅक्स अडकून पडत असेल, तर त्याचेही मूळ बहुधा इथेच सापडेल. ट्रॅम्पसुद्धा टर्म डम्ब करून जाते आणि पलीकडच्या प्रॉम्प्टची वाट पाहते. तिथल्या फाइलीत रंगीत प्रॉम्प्ट बिनशर्त लिहिलेला असेल तर तिला तो ओळखता येत नाही आणि ती वाट पाहतच राहते. सर्व्हरवरच्या बॅशआरसीच्या अगदी वर, टर्म डम्ब असेल तर प्रॉम्प्ट साधा डॉलर आणि एक जागा एवढाच ठेव, अशी अट घाला. बॅशऐवजी झेडशेल असेल तर त्याच अटीत झेडएलई, प्रॉम्प्ट_सीआर आणि प्रॉम्प्ट_एसपी हे तीन पर्याय बंद करा. टर्मची किंमत बिनशर्त बदलणारी ओळ तिथेही असेल तर ती काढा, नाहीतर तुमच्या संगणकावरची सगळी दुरुस्ती एसएसएच केल्याक्षणी निरुपयोगी ठरते.

टॉप, विम यांसारखे सगळा पडदा ताब्यात घेणारे प्रोग्राम एम-एक्स शेलमध्ये चालवण्याचा हट्ट मात्र सोडून द्या. त्यांच्यासाठी खरे टर्मिनल हवे, आणि ईमॅक्सच्या आतच ते एम-एक्स अ‍ॅन्सी-टर्मने मिळते. बाहेरचे पॅकेज घ्यायची तयारी असेल तर व्हीटर्म वेगवान आहे, पण त्याचा सी भाषेतला भाग कंपाइल करावा लागतो. तिथेही टर्म हाताने बदलू नका. अ‍ॅन्सी-टर्म स्वतःचे नाव ईटर्म-कलर असे सांगते आणि त्याची नोंदही ईमॅक्ससोबत येते.

शेवटी मराठी फाइलनावे वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण रंगखुणांच्या शोधात हिची हमखास गल्लत होते. गिट स्टेटसमध्ये देवनागरी फाइलनावांच्या जागी अवतरणचिन्हांत उलट्या तिरक्या रेघा आणि ३४०, २४४, २५६ असे आकडे दिसत असतील, तर तो रंग नव्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटांचे असते, पहिला बाइट अष्टमानात ३४० आणि दुसरा २४४ किंवा २४५. वरचे त्रिकूट म्हणजे ‘म’. गिट असे बाइट सुरक्षिततेसाठी आकड्यांत लिहिते, कारण कोअर.कोटपाथ ही तिची किंमत मुळात ट्रू असते. गिट कॉन्फिगने ती फॉल्स करा, आणि ‘मसुदा’ नावाची फाइल ‘मसुदा’ अशीच दिसू लागेल. त्यानंतरही बफरमध्ये आकडेच उमटत राहिले, तर कंट्रोल-एक्स, रिटर्न, पी दाबून त्या प्रक्रियेसाठी इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे यूटीएफ-८ निवडा.